काढता-घालता येणाऱ्या प्रोसेसर मॉड्यूलचे कॉम्प्युटर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, नांदेड, जालना, परभणी, कुठूनही फोन आला तरी प्रश्न साधारण तेच असतात. कुणाला कॉलेजच्या लॅबमध्ये क्लस्टर (एकमेकांना जोडून एकत्र काम करणारे कॉम्प्युटर) उभा करायचाय, कुणाला क्लासच्या सराव परीक्षांसाठी सर्व्हर हवाय, तर कुणी मुंबईहून जुना ब्लेड सर्व्हर स्वस्तात उचलून आणलाय आणि आता तो घराच्या दारातून आत जात नाहीये. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत. ज्यांच्याकडे डबा आधीच येऊन पडलाय त्यांनी थेट प्रश्न ५पासून वाचलं तरी चालेल.

१. सर, मॉड्यूलर कॉम्प्युटर म्हणजे नेमकं काय? ब्लेड सर्व्हर म्हणतात ते हेच का?

ब्लेड सर्व्हर हा त्यातला एक प्रकार. एक मोठा डबा असतो, त्याला चेसिस म्हणतात. पॉवर सप्लाय, पंखे आणि नेटवर्कचे स्विच त्यात सगळ्यांसाठी सामाईक असतात. पुढच्या बाजूने स्लॉट असतात आणि प्रत्येक स्लॉटमध्ये एक पूर्ण कॉम्प्युटर सरकवायचा : स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची रॅम, बहुतेक वेळा स्वतःची डिस्क. एचपीचा सी७००० किंवा डेलचा एम१०००ई घ्या. दोन्ही रॅकमध्ये १०यू उंचीचे, म्हणजे साधारण साडेसतरा इंच, आणि दोन्हींत अर्ध्या उंचीची १६ ब्लेड बसतात.

दुसरा प्रकार तळहातावर मावणारा. रास्पबेरी पाय कम्प्यूट मॉड्यूल किंवा एनव्हिडिया जेटसन यांसारखे छोटे मॉड्यूल एका मदरबोर्डवर तीन-चार किंवा जास्त बसवतात. तत्त्व एकच आहे. वीज आणि आवाज यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

२. आठ मॉड्यूल लावले की आठपट मोठा एक कॉम्प्युटर तयार होतो ना?

नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की सगळ्यात जास्त पैसे त्याच्यापायीच वाया जातात. जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडं असतात, आड एक, दिंडीदरवाजा एक, पण चुली चार, तसंच हे. प्रत्येक मॉड्यूलवर वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम चालते, वेगळा आयपी असतो. १६ जीबीचे चार मॉड्यूल लावले म्हणून ६४ जीबी रॅम मागणारा प्रोग्रॅम चालत नाही.

मॉड्यूल एकमेकांशी नेटवर्कवरून बोलतात आणि तिथेच खरी मेख आहे. गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला फार तर १२५ एमबी जातात. डीडीआर४-३२०० रॅमच्या एका चॅनेलमधून सेकंदाला २५.६ जीबी जातात, म्हणजे सुमारे दोनशेपट. त्यामुळे काम वाटून देणारं सॉफ्टवेअर नसेल, तर बाकीचे मॉड्यूल नुसते वीज खात बसतात. याला मोजके अपवाद आहेत, ते प्रश्न १६मध्ये.

३. मग माझ्या कामाला याचा फायदा होईल की नाही, हे ओळखायचं कसं?

एकच प्रश्न विचारा : माझं काम एकमेकांची वाट न बघणाऱ्या तुकड्यांत मोडतं का?

टॅली मोडत नाही. कंपनीचा डेटा कितीही मोठा असला तरी त्याला वेगवान एकच प्रोसेसर आणि चांगली एसएसडी लागते. लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंगही मोडत नाही. टाइमलाइनवरचं काम एका मशीनच्या प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डवरच चालतं. बीड-अंबाजोगाईकडच्या स्टुडिओवाल्यांना मी सरळ सांगतो, तेच पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. ब्लेंडर या थ्री-डी सॉफ्टवेअरमधलं अ‍ॅनिमेशन मात्र छान मोडतं, कारण प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. पहिल्या मॉड्यूलला १ ते १०० फ्रेम, दुसऱ्याला पुढच्या शंभर.

हवामानाचं डब्ल्यूआरएफ मॉडेल किंवा एमपीआय (मशीनांनी एकमेकांना निरोप पाठवायची पद्धत) वापरणारे प्रोग्रॅम मोडतात, पण तुकड्यांना सतत एकमेकांशी बोलावं लागतं, म्हणून नेटवर्क हळू असेल तर वाढवलेले मॉड्यूल वायाच जातात.

सराव परीक्षांचा सर्व्हर मोडतो. प्रत्येक विद्यार्थ्याची मागणी वेगळी असते. वेब सर्व्हर दोन-तीन मॉड्यूलवर आणि डेटाबेस एका सशक्त मॉड्यूलवर ठेवला की झालं. तरीही माझं मत असं की दोन-तीनशे पोरं एका वेळी सीईटीचा सराव पेपर देणार असतील, तर एक नीटसा टॉवर सर्व्हर पुरतो. अनेक मॉड्यूलचा तिथे फायदा वेगाचा नसतो; पेपर चालू असताना एक मशीन मेलं तरी परीक्षा थांबत नाही, हा असतो.

हिशेबाला अ‍ॅमडालचा नियम आहे, १९६७चा. कामाचा १० टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर चार मॉड्यूलवर वेग सुमारे ३.१ पट होतो, आठवर ४.७ पट, आणि कितीही लावले तरी १० पटीच्या पुढे जात नाही. चारवरून आठवर जाताना खर्च दुप्पट होतो, वेग दीडपट. कोटेशन मागवण्याआधी हे गणित कागदावर करून बघा.

४. ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची स्थापना १९८८ची. त्यांचा परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर १९९१ साली आला तो ट्रान्सप्युटर नावाचे, एकमेकांशी थेट जोडता येणारे अनेक प्रोसेसर एकत्र लावूनच. १९९४ साली नासात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ४८६ प्रोसेसरची १६ साधी मशीन इथरनेटने जोडून बेओवुल्फ क्लस्टर केला. आजही कॉलेजांत होतात ते क्लस्टर त्याच जातीचे. बाजारात विकायला आलेलं पहिलं ब्लेड आरएलएक्स या कंपनीचं, २००१चं. एका ३यू डब्यात २४ ब्लेड. २००५मध्ये ती कंपनी एचपीने घेतली.

५. लॅमिंग्टन रोडवर किंवा नेहरू प्लेसला जुना ब्लेड सर्व्हर भंगाराच्या भावात मिळतोय. घेऊ का?

शिकायला घेत असाल तर घ्या. काम काढायला घेत असाल तर बहुतेक वेळा नको. तिथे दिसणारी ब्लेड साधारण इंटेलच्या झिऑन ५५००-५६०० या जुन्या सर्व्हर प्रोसेसरच्या काळातली असतात. त्यांतल्या दोन प्रोसेसरच्या ब्लेडला आजचा मध्यम किमतीचा एक डेस्कटॉप प्रोसेसर बहुतेक कामांत मागे टाकतो, तोही निम्म्याहून कमी विजेत.

तरी घ्यायचाच असेल तर फोटोवर विश्वास ठेवू नका, जाऊन बघा. डबा पूर्ण भरला की वजन २०० किलोच्या आसपास जातं, म्हणून ब्लेड, पंखे, पॉवर सप्लाय सगळं काढूनच हलवायचा आणि छोटा हत्ती करतानाच चार माणसं सांगून ठेवायची. रिकाम्या स्लॉटमध्ये टॉर्च मारून मागच्या भिंतीवरचे कनेक्टर बघा. घाईत ब्लेड तिरकं घातलं की तिथला पिन वाकतो आणि तो स्लॉट कायमचा जातो. प्रत्येक ब्लेडची लिव्हर पूर्ण मिटते का, तेही बघा; अर्धवट राहिली तर ब्लेड नीट बसलेलं नाही.

मग मोजदाद. पॉवर सप्लाय किती, पंखे किती, व्यवस्थापनाचं मॉड्यूल आहे का (एचपीत त्याला ऑनबोर्ड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात), आणि मागे नेटवर्कचा स्विच आहे की नुसता पास-थ्रू (प्रत्येक ब्लेडची जोडणी सरळ बाहेर काढून देणारा). डिस्कचे कॅडी (डिस्क बसवायच्या सरकत्या चौकटी) हमखास गायब असतात, कारण डिस्क विकताना व्यापारी त्यांच्यासकट विकतो. व्यवस्थापन मॉड्यूलचा मूळ पासवर्ड त्याच्यावरच्या टॅगवर छापलेला असतो, तो टॅग फाटलाय का बघा. आणि फर्मवेअरचं (हार्डवेअरच्या आत बसवलेलं सॉफ्टवेअर) : फेब्रुवारी २०१४पासून एचपीने सर्व्हरची बरीचशी फर्मवेअर वॉरंटी किंवा सपोर्ट करार असलेल्यांपुरतीच ठेवली आहेत. जुन्या मशीनच्या रिमोट कन्सोलला (लांबून ब्लेडची स्क्रीन बघायच्या सोयीला) जुनं जावा लागतं, नवे ब्राउझर त्याला दारातच उभं करत नाहीत. त्यासाठी एक जुना लॅपटॉप बाजूला ठेवा.

६. घरच्या लाइनवर चालेल का? आणि लाइट गेली तर इन्व्हर्टरवर?

छोट्या मॉड्यूलचा बोर्ड चालेल, मोठा ब्लेड डबा नाही. दोन्हींची गोष्ट वेगळी आहे.

चार छोटे मॉड्यूल आणि बोर्ड मिळून साधारण ५० वॉट धरा. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची एक बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. त्यातले अर्धेच हाती आले तरी रात्र निघते. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असावा आणि त्याचं बटण यूपीएस मोडवर असावं. नाहीतर बदलाच्या क्षणी बोर्ड रीस्टार्ट होतो.

सी७०००मध्ये सहापर्यंत पॉवर सप्लाय बसतात, एकेक २२५० वॉट किंवा जास्त. प्रत्येकाला जाड सी१९ केबल आणि १६ अँपिअरचा वेगळा सॉकेट. थ्री-फेजचंही मॉडेल येतं, त्याचे प्लग वेगळे असतात, म्हणून विकत घेण्याआधी मागची बाजू बघायचीच. हे पॉवर सप्लाय २०० ते २४० व्होल्टवर चालतात. तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १८०वर उतरत असेल तर ते बंद पडतील, आणि दोष मशीनचा समजून तुम्ही ब्लेड बदलत बसाल. आधी मल्टिमीटर लावा. अशा ठिकाणी ऑनलाइन यूपीएस लागतो. ८५० व्हीएचा घरगुती इन्व्हर्टर त्याच्या जवळपासही जात नाही.

अर्थिंगबद्दल जरा जास्त बोलतो, कारण आपल्याकडे तिथेच घोळ असतो. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली माती कोरडी पडून सळईपासून सुटते. जूनमध्ये नीट असलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये नावालाच उरतं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायरमनला बोलवा, खड्ड्यात पाणी सोडा, मीठ-कोळसा जुना झाला असेल तर बदला. डब्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर मशीन ताबडतोब बंद.

७. महिन्याला बिल किती वाढेल?

एक किलोवॉट सतत चालला की दिवसाला २४ युनिट, महिन्याला ७२०. पाच-सहा ब्लेडचा डबा हलक्या कामावरही एवढा सहज खातो. ५० वॉटच्या छोट्या बोर्डाचे महिन्याला ३६ युनिट होतात. महावितरणच्या तुमच्या बिलावरचा शेवटच्या टप्प्याचा दर घेऊन गुणाकार करा. पहिल्या टप्प्याचा दर धरू नका, कारण हे युनिट वरचे असतात. यात एसी धरलेला नाही.

८. एसी परवडत नाही. कूलर लावला तर?

खोलीत माणसं बसणार असतील तर त्यांच्यासाठी लावा, सर्व्हरसमोर नको. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी कूलर तापमान चांगलं उतरवतो, हे खरं. पण तो ते हवेत पाणी घालून उतरवतो, आणि आपल्या बोअरच्या क्षाराच्या पाण्याचे पांढरे थर पॅडवर बसतात ते आपण सगळ्यांनी पाहिलेत. पंख्याने उडालेले थेंब बोर्डावर वाळले की तेच क्षार तिथे बसतात. मृग लागला की हवेत ओल येते आणि कूलरचा थंडावाही संपतो.

सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंशांत असावी, असं अ‍ॅश्रेची (वातानुकूलन क्षेत्रातल्या अभियंत्यांच्या संस्थेची) शिफारस सांगते. बहुतेक ब्लेड ३५पर्यंत चालतात, पण पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात बाहेर ४२ असताना आत किती होतं ते वेगळं सांगायला नको. एसीचा हिशेब असा : एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट उष्णता. तीन किलोवॉटच्या डब्याला जवळजवळ एक टन नुसता त्याच्यासाठी लागतो; छताचं ऊन वेगळं. छोट्या बोर्डाला एसी लागत नाही. उत्तरेकडची खोली, छताचा पंखा आणि मॉड्यूलवर चांगले हीटसिंक एवढ्यावर भागतं.

जिनिंगच्या जवळ ऑफिस असेल तर सरकीचा बारीक तंतू पंख्याच्या जाळीवर वाकळीसारखा बसतो, बोटाने ओढला तर एका पट्टीत निघतो. हंगामात दर आठवड्याला जाळी बघा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती काडीने अडवून धरा, नाहीतर ती उलटी गरगर फिरून बेअरिंग जातं.

९. सोळापैकी चारच ब्लेड आहेत. बाकीचे स्लॉट उघडे ठेवले तर हवा जास्त खेळेल ना?

उलट होतं. हवा सगळ्यात सोप्या वाटेने जाते, म्हणजे रिकाम्या स्लॉटमधून, आणि भरलेली ब्लेड तापतात. मग पंखे पूर्ण वेगाने ओरडायला लागतात. ब्लँक (रिकामा स्लॉट झाकायची झाकणं) मिळत नसतील तर न जळणाऱ्या कडक शीटने तोंड बंद करा. पुठ्ठा नको.

१०. कॉलेजचं बजेट कमी आहे. विद्यार्थ्यांना शिकवायला काय घ्यावं?

छोट्या मॉड्यूलचा बोर्ड. ट्युरिंग पाय २ हा मिनी-आयटीएक्स आकाराचा बोर्ड आहे, म्हणजे साध्या कॅबिनेटमध्ये बसतो, साध्या २४ पिनच्या एसएमपीएसवर चालतो. चार स्लॉट, आतच गिगाबिट स्विच, आणि प्रत्येक स्लॉटची वीज लांबून चालू-बंद करणारा व्यवस्थापन कंट्रोलर. स्लॉट सारखे नसतात, हे आधी वाचा : डिस्क जोडायची साटाची दोन पोर्ट तिसऱ्या नोडलाच (नोड म्हणजे क्लस्टरमधला एक कॉम्प्युटर, इथे एक मॉड्यूल) जोडलेली आहेत, म्हणून डिस्कचा सर्व्हर तिथेच करावा लागतो.

आणि खरं सांगायचं तर एमपीआय किंवा कुबरनेटिस, स्लर्म यांसारखी क्लस्टरवर काम वाटून देणारी सॉफ्टवेअर शिकवायला लॅबमधले बंद पडून असलेले चार डेस्कटॉप आणि एक गिगाबिट स्विचही चालतो. जागा आणि वीज जास्त जाते, शिकणं तेच होतं.

११. मॉड्यूलचा कनेक्टर लॅपटॉपच्या रॅमसारखाच दिसतो. लॅपटॉपमध्ये बसेल?

बसेल, आणि काहीतरी जळेल. जेटसन नॅनोचा कनेक्टर २६० पिनचा एसओ-डिम (लॅपटॉपच्या रॅमपट्टीचा आकार) आहे, लॅपटॉपच्या डीडीआर४ रॅमचाही २६० पिनचाच, पण पिनांवरचे सिग्नल वेगळे. एकमेकांत अदलाबदल करायची नाही. रास्पबेरी पायचे मॉड्यूलही पिढीगणिक बदललेत : २०१४चा पहिला आणि २०१७चा सीएम३ रॅमच्या पट्टीसारखे होते, २०२०च्या सीएम४पासून खाली १०० पिनचे दोन कनेक्टर आले. म्हणून ट्युरिंग पाय २वर सीएम४ लावायला मध्ये अ‍ॅडॉप्टर लागतो. कोटेशनमध्ये तो आहे का बघा, बहुतेकदा नसतो.

१२. चालू असताना मॉड्यूल काढलं तर चालतं का?

मोठ्या चेसिसमधून ब्लेड काढता येतं, शेजारच्यांना काही होत नाही. पण त्या ब्लेडवर चालू असलेलं काम मरतं. आधी त्यावरची व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने बनवलेले कॉम्प्युटर) दुसरीकडे हलवा, ब्लेड शटडाउन करा, मग लिव्हर उघडा. छोट्या बोर्डांवर पूर्ण वीज बंद केल्याशिवाय मॉड्यूलला हात लावू नका. दिवाळीनंतरच्या कोरड्या थंडीत स्वेटर घालून तर नाहीच, आधी अर्थ केलेल्या धातूला हात लावा.

१३. ब्लेड घातलं, दिवा लागला, पण बटण दाबूनही सुरू होत नाही. खराब झालं का?

बहुधा नाही. ब्लेड सुरू व्हायची परवानगी चेसिसचं व्यवस्थापन मॉड्यूल देतं. ते आधी विजेचा हिशेब करतं. सेटिंग पूर्ण राखीव विजेचं असेल तर निम्मे पॉवर सप्लाय ते मोजतच नाही. विकणाऱ्याने सहापैकी दोनच दिले असतील तर हिशेबात एकच येतो, आणि तिसरं-चौथं ब्लेड अडवलं जातं. पंखे कमी असले तरी ठरावीक स्लॉटमधलीच ब्लेड सुरू होतात. व्यवस्थापनाच्या पानावर लॉग बघा, कारण तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

१४. ब्लेडमध्ये फायबर चॅनेलचं (सामाईक डिस्क-साठ्याशी जोडणाऱ्या नेटवर्कचं) कार्ड लावलं, मागे स्विचही आहे, पण एकमेकांना दिसत नाहीत.

बहुधा स्विच चुकीच्या खणात आहे. कोणतं कार्ड मागच्या कोणत्या खणाशी जोडलेलं आहे हे चेसिसमध्ये कायमचं ठरलेलं असतं, सॉफ्टवेअरने बदलत नाही. सी७०००मधल्या अर्ध्या उंचीच्या ब्लेडचं अंगचं नेटवर्क मागच्या १ आणि २ खणांत जातं, पहिलं मेझनिन कार्ड (ब्लेडच्या आत वरून बसवायचं जादा कार्ड) ३ आणि ४मध्ये, दुसरं ५ ते ८मध्ये. कार्ड पहिल्या मेझनिनच्या जागी असेल आणि फायबर चॅनेलचा स्विच १मध्ये घातला असेल, तर तो ३मध्ये हलवा.

१५. जुनी आणि नवी ब्लेड एकाच डब्यात चालतील? आणि दोनच नोडचा क्लस्टर केला तर?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण एकाच वेळी विचारल्या जातात. एकाच चेसिसमध्ये अनेक पिढ्यांची ब्लेड चालतात, चेसिसचं फर्मवेअर पुरेसं नवं असलं तर. अडचण चालू व्हर्च्युअल मशीन हलवताना येते : इंटेलवरून एएमडीवर ती चालू स्थितीत हलवता येत नाही, बंद करूनच न्यावी लागते. एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या प्रोसेसरमध्ये सगळ्यांची सुविधा सगळ्यात जुन्याच्या पातळीवर आणून ठेवावी लागते.

दोन नोडच्या क्लस्टरमध्ये एक बंद पडला की दुसराही थांबतो, आणि लोकांना वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं. क्लस्टर बहुमतावर चालतो. दोनांत बहुमत दोनांचंच. तिसरं मत देणारं कुणी हवं; प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादा छोटा रास्पबेरी पायही ते मत देऊ शकतो. चार नोडांनी तीनापेक्षा जास्त सुरक्षितता मिळत नाही, कारण बहुमत तीनांचं आणि दोन्हीकडे एकच नोड गेलेला सोसतो. पाच असतील तर दोन गेलेले चालतात.

१६. म्हणजे दोन ब्लेड जोडून खरोखरचं एक मशीन कधीच होत नाही?

होतं, पण त्यासाठी बनवलेल्या हार्डवेअरवरच. एचपीच्या इटेनियम (इंटेलचा एक वेगळ्या जातीचा सर्व्हर प्रोसेसर) काळात बीएल८९०सी आय२ होतं : पूर्ण उंचीची चार ब्लेड समोरून ब्लेड लिंक नावाच्या जोडपट्टीने जोडायची, मग आठ प्रोसेसरचा, एकाच ऑपरेटिंग सिस्टिमचा, एकाच रॅमचा कॉम्प्युटर. आयबीएमच्या एचएक्स५मध्येही दोन ब्लेड जोडून एक करता यायचं. तिथे ब्लेडमधलं बोलणं नेटवर्कवरून होत नाही, प्रोसेसरच्या आतल्या जोडणीवरून होतं. म्हणून कुणी साधी ब्लेड दाखवून सॉफ्टवेअरने सगळ्यांची रॅम एक करून देतो म्हणाला, तर पैसे देण्याआधी त्याला तुमचाच प्रोग्रॅम तुमच्यासमोर चालवून दाखवायला सांगा.